केबिन थंड झाली, पोटाचे काय?

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक मध्यम आणि अवजड मालमोटारीच्या केबिनमध्ये वातानुकूलन असणे बंधनकारक झाले आहे. साडेतीन टनांवरील सगळे मालवाहू ट्रक यात येतात. मे महिन्याच्या दुपारी इंजिनाच्या धगीशेजारी बसून धुळ्याहून नागपूरकडे निघालेल्या माणसाला या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको. तक्रार करायचीच तर तो उशिरा झाला, एवढीच करता येईल. मात्र केबिन थंड झाल्याने चालकाचे बसणे कमी होणार नाही. भर उन्हात तास-दोन तास गाडी झाडाखाली लावून आडवे होण्याचे एक निमित्त त्याच्याकडे होते, तेही आता मालकाला पटणार नाही. लांब पल्ल्याच्या चालकाचे आरोग्य बिघडते ते प्रामुख्याने तीन गोष्टींमुळे: तासन् तास बसणे, अवेळी जेवणे आणि अपुरी झोप. या तिन्हींचा एकत्रित हिशेब त्याच्या पोटावर दिसतो.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते फोरसाइट फाउंडेशन आणि आयआयटी दिल्ली यांचा ट्रकचालकांविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मथळ्यांत गाजली ती नजर, कारण ५५.१ टक्के चालकांची दृष्टी कमजोर आढळली होती. त्याच अहवालातले बाकीचे आकडे मात्र आतल्या ओळींत राहिले. ५७.४ टक्के चालकांचा रक्तदाब वाढलेला होता, ४४.३ टक्क्यांचा बीएमआय म्हणजे उंचीच्या प्रमाणातले वजन सीमारेषेवर किंवा तिच्या पुढे होते आणि १८.४ टक्क्यांच्या रक्तात साखर जास्त होती. अशा तपासण्यांत रक्तदाब सहसा एकदाच मोजला जातो, तोही धावपळीत, त्यामुळे या आकड्यांना निदान म्हणता येणार नाही. तरीही २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात प्रौढांमधील उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के होते, हे लक्षात घेतले तर चालकांचा आकडा नजरेआड करता येत नाही.

अमेरिकेत हे चित्र आणखी पुढे गेले आहे. तिथल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०१० मध्ये लांब पल्ल्याच्या चालकांची पाहणी केली, तेव्हा ६९ टक्के चालक लठ्ठ निघाले. इतर कामगारांत हे प्रमाण ३१ टक्के होते. गाडी चालवण्याच्या तासांवर कडक नियम आणि नोंदी असलेल्या देशातली ही स्थिती आहे. आपला चालक तसा अगडबंब दिसत नाही. त्याचे हातपाय काटक असतात आणि पोट तेवढे पुढे आलेले असते. ‘माझे वजन काही फार नाही’ असे तो म्हणतो आणि काट्यावर ते खरेही ठरते. पण भारतीय शरीरात पोटाच्या आत, यकृताभोवती साठणारी चरबी कमी वजनातही मधुमेह ओढवून आणते. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत असावा. इथे पँटचा नंबर फसवा असतो, कारण पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली नेसतो आणि त्याचा नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. टेप बेंबीच्या पातळीवर धरून मोजावे.

लासलगावहून कांदा किंवा जळगावहून केळी भरून उत्तरेकडे निघालेल्या गाडीचा दिवस पाहावा. पहाटे निघताना चहा, दोन तासांनी पुन्हा चहा आणि बरोबर बिस्किटाचा पुडा किंवा वडापाव. दुपारचे जेवण दोन, तीन, कधी चार वाजता. लोणी लावलेल्या चार-पाच तंदुरी रोट्या, दाल तडका, शेवभाजी. संध्याकाळी पेंग आली की चहा, थंड पेयाची बाटली, तंबाखू. रात्री अकरा-बाराला, कधी एक वाजता, पुन्हा तेच ताट, आणि दिवसभर नीट जेवलो नाही म्हणून थोडे जास्तच. हात धुतले की खाटेवर किंवा केबिनमध्ये आडवे व्हायचे. गाडीत काही टन केळी असतात, चालकाच्या पोटात दिवसभरात एकही फळ जात नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,१०० कॅलरी पुरतात. लोणी लावलेली एक तंदुरी रोटी दीडशेच्या आसपास जाते, तेव्हा पाच रोट्यांतच साडेसातशे होतात. भाजीवर तरंगणारे तेल मोठ्या चमच्याने मोजले तर प्रत्येक चमच्याला १२० ते १३० कॅलरी पडतात, आणि ढाब्याच्या वाटीत असे दोन-तीन चमचे सहज असतात. चहाचे तर कोणी मोजतच नाही. एका कपात दोन लहान चमचे साखर धरली तर आठ कपांत ६५ ते ८० ग्रॅम साखर होते. संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभरात वरून घेतलेली साखर २५ ग्रॅमच्या आसपास थांबायला हवी. म्हणजे केवळ चहाने मर्यादा दुपटी-तिपटीने ओलांडली, थंड पेय आणि बिस्किटे धरलीच नाहीत. पूर्वी स्टिअरिंग फिरवायलासुद्धा दंडात बळ लागे आणि माल चढवता-उतरवताना चालक हात लावत असे. आता पॉवर स्टिअरिंग आहे, बंदरात माल कंटेनरमधून क्रेनने उतरतो. बापाच्या काळातले जेवण तसेच राहिले, ते जिरवणारे काम मात्र उरले नाही.

त्यात रात्रीचे जागरण. झोप कमी झाली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते, पोट भरल्याची जाणीव देणारे कमी होते आणि मन गोड-तेलकट पदार्थांकडे ओढले जाते. मध्यरात्री जेवलेले अन्न दुपारच्या त्याच अन्नापेक्षा रक्तातली साखर जास्त वाढवते, कारण त्या वेळी शरीर इन्सुलिनला तेवढा प्रतिसाद देत नाही. म्हणून ‘तोंडावर ताबा ठेवा’ हा दवाखान्यातला नेहमीचा सल्ला चालकाच्या बाबतीत अर्धवट ठरतो.

शिवाय ढाबा तो जेवणासाठी निवडतोच असे नाही. तिथे सोळा-अठरा मीटरची गाडी लावता येते, डिझेल आणि माल चोरीला जाण्याची भीती कमी असते, अंघोळीला पाणी आणि पडायला खाट मिळते. या सगळ्याची किंमत म्हणजे तिथले जेवण. गावात एखादी पोळीभाजीची खानावळ असली तरी ट्रेलर तिच्या गल्लीत शिरत नाही. सरकारने आणलेले दवाखानेही याच अडचणीत सापडतात. राज्यातले ‘आपला दवाखाना’ संध्याकाळी उघडे असतात ही सोय खरी, पण ते वस्तीत आहेत आणि चालक वस्तीबाहेर.

वाढलेले पोट ही चालकाची खासगी बाब राहत नाही, कारण त्याच्या मागे वीस-तीस टनांचा भार असतो. मानेभोवती आणि घशात चरबी साठली की झोपेत श्वासनलिका पुन:पुन्हा दबते, घोरणे वाढते, श्वास काही सेकंद अडकतो आणि मेंदू दचकून जागा होतो. रात्रभरात हे शेकडो वेळा घडू शकते. आठ तास झोपूनही असा माणूस सकाळी थकलेलाच उठतो आणि सरळ, मोकळ्या रस्त्यावर त्याचा डोळा लागतो. पूर्वी शेजारी झोपलेला क्लीनर तरी सांगायचा की उस्ताद, रात्री तुमचा श्वास अडकत होता. आता अनेक गाड्यांवर क्लीनर नसतो, त्यामुळे हे घरी गेल्यावर बायकोलाच कळते. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. पोलिसांच्या नोंदीत बहुतेकांचे कारण अतिवेग असे आहे. चालकाला झोप लागली होती का, हे मृत चालकाला विचारता येत नाही आणि जिवंत असलेला सांगत नाही.

दुसरा धोका उपचारातून येतो आणि त्याची चर्चा फारच कमी होते. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, पोटात अन्न नसले तरी साखर खाली आणत राहतात. सकाळी गोळी घेतली आणि टोलनाक्यावरच्या कोंडीत जेवण चार वाजेपर्यंत लांबले, तर दरदरून घाम, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी आणि मग गोंधळ, हे सगळे स्टिअरिंगवर हात असताना घडू शकते. अशा वेळी गाडी बाजूला घ्यावी, तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यावे, पंधरा मिनिटे थांबावे आणि त्यानंतर काहीतरी खावे. साखरेची पुडी हाताशी असली पाहिजे. आपण ट्रक चालवतो हे डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण मेटफॉर्मिनसारखी एकटी घेतल्यास साखर सहसा फार खाली न नेणारी औषधेही आहेत. डॉक्टरांनीही व्यवसाय विचारायला हवा. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत तो प्रश्न राहून जातो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, म्हणून चालक त्या परस्पर बंद करतो. कोणी पाणीच कमी पितो आणि मुतखडा घेऊन येतो. महिन्याची औषधे घेऊन गुवाहाटीला गेलेला माणूस चाळिसाव्या दिवशी परतला, तर मधले दहा दिवस तो विनाऔषध असतो.

मग चालकाने खावे काय? उत्तर त्याच्या गाडीत आणि त्याच्या गावात बऱ्याच अंशी आधीच आहे. सोलापूरकडची कडक भाकरी कित्येक दिवस टिकते, बरोबर शेंगाची चटणी आणि कांदा असला की एक वेळ निघते, फक्त चटणी तोंडी लावण्यापुरती. बिहार-उत्तर प्रदेशचे चालक सातू बाळगतात. पाणी, लिंबू, मीठ, कांदा घालून कालवलेला सातू साखरेच्या चहापेक्षा कितीतरी चांगला. फुटाणे, केळी, पेरू, काकडी, उकडलेली अंडी रस्त्यावर कुठेही मिळतात. अनेक चालक लहान शेगडी बाळगून गाडीच्या आडोशाला मूगडाळीची खिचडी शिजवतात. भाजी, टोमॅटो टाकून केलेली ही खिचडी उत्तमच, मात्र शेगडी गाडीच्या टाकीपासून दूर आणि केबिनबाहेर पेटवावी, टँकर किंवा ज्वलनशील माल असेल तर अजिबात नाही. सरकारी तेल कंपन्यांनी पेट्रोलपंपांवर ‘अपना घर’ नावाची जी विश्रांतीगृहे उभारली आहेत, त्यांत झोपण्याच्या आणि अंघोळीच्या सोयीबरोबर स्वतः स्वयंपाक करण्यासाठीही जागा ठेवली आहे. त्यांचे कौतुक व्हायला हवे ते या जागेसाठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर चालकांसाठी एक हजार इमारती बांधण्याची घोषणा केली होती, त्यांच्या आराखड्यातही चूल विसरली जाऊ नये.

ढाब्यावर जेवायचे झाले तर भांडण न करता एवढे मागता येते: रोटी कोरी, लोणी नको. आधी कांदा-काकडीचे ताट, मग जेवण. शेवभाजीऐवजी डाळ किंवा अंडाकरी, वरचे तेल पळीने बाजूला काढून. भात आणि रोटी दोन्ही पोटभर नको. बरोबर दही. पाच रोट्यांच्या तीन झाल्या आणि त्या कोऱ्या झाल्या, तर तिथेच तीन-चारशे कॅलरी वाचतात. मोठे जेवण दुपारी घ्यावे, रात्री उशीर होणार असेल तर सात-आठ वाजता थांबून थोडे खाऊन घ्यावे आणि मुक्कामाला हलके. चहा सोडा म्हणणे व्यर्थ आहे. चहा हा त्याचा विरंगुळा आहे, पण साखर अर्धी करता येते, आणि आठवड्याभरात जीभ सरावते.

चालण्याचेही तसेच. पहाटे उठून अर्धा तास फिरा, हा सल्ला ऐकून चालक हसतो. पण उरणच्या बंदराबाहेर, भिवंडीच्या गोदामापाशी, वाशीच्या बाजारात तो नंबर लागण्याची वाट पाहत तासन् तास बसलेला असतो. चाळीस फुटी कंटेनरच्या ट्रेलरभोवती एक फेरी मारली की साधारण चाळीस मीटर होतात, पंचवीस फेऱ्यांत एक किलोमीटर. टायर आणि दोर तपासायला तो फेरी मारतोच, ती वाढवायची आहे.

वजन किती उतरावे, याबद्दल अवास्तव अपेक्षा नको. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात सात टक्के वजन कमी करण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायामाचे लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ऐंशी किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. चेन्नईतल्या २००६ च्या भारतीय प्रयोगात तर वजन फारसे उतरले नाही, तरी आहार आणि हालचाल बदलल्याने ही जोखीम २८.५ टक्क्यांनी कमी झाली. काटा हलला नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात सगळे सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. २०२५ मध्ये वजन उतरवणारी मोन्जारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने भारतात आली. त्यांचा गुण आहे, पण मळमळ, उलट्या, जुलाब हे त्यांचे नेहमीचे त्रास घाटात गाडी चालवणाऱ्याला परवडणारे नाहीत, आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय ती घेऊच नयेत.

केवळ शिकवून किती साधते, याचाही अनुभव आहे. ब्रिटनमध्ये ३८२ ट्रकचालकांवर एक प्रयोग झाला. आरोग्याचे वर्ग, पावले मोजणारे घड्याळ, केबिनमध्ये करता येणारा व्यायाम, मार्गदर्शक, सगळे दिले. सहा महिन्यांनी चालक रोज सुमारे हजार पावले जास्त चालत होते. दीड वर्षाच्या सुमारास पाहिले तर फरक पुसला गेला होता. कामाचे तास आणि वेळा बदलल्या नव्हत्या. आपल्याकडे पाच तास सलग चालवल्यावर किमान अर्धा तास विश्रांती, दिवसाला आठ तास काम, हे १९६१ पासून कायद्यात लिहिलेले आहे. ट्रिपमागे पैसे मिळणाऱ्या माणसाला ते सांगून उपयोग नाही, कारण थांबलेल्या तासाचे पैसे त्याला कोणी देत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत चाळिशीपुढच्या कामगारांसाठी वर्षातून एकदा मोफत तपासणी आली आहे. पण व्यावसायिक सुरक्षेची संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे, आणि देशातले बहुतांश ट्रक एक ते पाच गाड्या असलेल्या मालकांचे आहेत. कित्येकदा मालकच चालक असतो. त्याची तपासणी कोण करणार?

याचे उत्तर देशाने एकदा शोधले होते. १९९० च्या दशकापासून ट्रकचालकाचे आरोग्य म्हणजे एचआयव्ही, एवढेच समीकरण होते. त्याने चालकाला बदनामही बरेच केले. पण त्या मोहिमेने एक गोष्ट दाखवली. ट्रान्सपोर्टनगरात, ट्रक टर्मिनलवर, चालक थांबतो तिथे आणि थांबतो त्या वेळी दवाखाना चालवता येतो, तो तिथे येतो. त्याच ठिकाणी आता रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर आणि कमरेची टेप ठेवायला फार मोठा खर्च नाही. औषधे मात्र दोन-तीन महिन्यांची द्यावीत, आणि नोंद ‘आभा’ क्रमांकावर असावी, म्हणजे कळंबोलीत तपासलेल्या माणसाला नागपुरात पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

अडचण भीतीची आहे. मालवाहतुकीचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करताना जे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, त्यात भर असतो तो नजर, रंगओळख, ऐकू येणे आणि हातापायांचे व्यंग यांवर. साखर आणि कमरेचा घेर तिथे कोणी विचारत नाही. विचारायला सुरुवात करा, असे सांगणे सोपे आहे. पण साखर कागदावर आली की गाडी हातातून जाईल असे वाटले, तर चालक तपासणीलाच येणार नाही, किंवा दुसऱ्याचे रक्त देईल. अमेरिकेत २०१८ पासून इन्सुलिन घेणाऱ्या चालकालाही आंतरराज्य मालवाहतूक करता येते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी साखर आटोक्यात असल्याचे लिहून द्यावे लागते, त्याला तीन महिन्यांच्या साखरेच्या नोंदी दाखवाव्या लागतात आणि प्रमाणपत्र दरवर्षी नवे घ्यावे लागते.